पाक उतरवण्याची वेळ

३ तारीख, सोमवार

नको तिथे तोंड घातलं आणि अडकले.

संध्याकाळी फरशीवाला, धाकट्या बहिणीचा होणारा नवरा, आला होता. धाकटीने कॉफी केली आणि दोघं बावीस तारखेच्या जेवणाचं बोलत बसले. सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या, दुपारी आमच्या घरी जेवण, माणसं चौदा. भात, रस्सा, भाजलेल्या भाज्या असं सगळं धाकटी स्वतःच करणार. स्वतःच्या लग्नाचा स्वयंपाक स्वतः करणारी नवरी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गोडाचं काय, यावर फरशीवाला म्हणाला, "दुकानातून केक आणू की." मी पेपर वाचत होते. का कोण जाणे, पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "गोड मी करेन."

धाकटीला हसू फुटलं. "ताई, तू?"

"का? मला हात नाहीत?"

"हात आहेत गं. पण या ओट्यावर तू आयुष्यात दूध तापवण्यापलीकडे काय केलंयस?"

खरं आहे ते. पण तोंडावर सांगायची गरज होती का? आणि तेही त्याच्यासमोर? मी चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्याच्या औषधखोलीत मलमं घोटली, खोकल्याची औषधं केली. घरी आले की ताट वाढलेलं असायचं. ती चष्म्याच्या दुकानातून पाचला सुटायची, मी आठला. ज्याला वेळ त्याने करायचं, एवढा साधा हिशोब होता.

मग तिने दुकानातल्या जुन्या मासिकातून कापलेलं एक पान आणून दिलं. साखरेच्या सोनेरी पाकातली संत्री. "संत्री, साखर, पाणी. तीनच वस्तू आहेत. हे तुलाही जमेल."

तुला*ही*.

साखरेचा पाक मी बादल्यांनी केलेला आहे, बाई. खोकल्याच्या औषधात दुसरं असतं काय?

४ तारीख, मंगळवार

धाकटी दुकानात गेल्यावर पहिला प्रयत्न केला. साखर दोनशे ग्रॅम, पाणी पन्नास मिली, वजनकाट्यावर चोख. मंद आच. आम्ही औषधखोलीत ढवळायचो तशी ढवळत राहिले. दहा मिनिटांनी पाकाची परत साखर झाली. पांढरी, खडबडीत, मिठागरात असते तशी. पाणी घालून पुन्हा वितळवली, पुन्हा ढवळली, पुन्हा मिठागर.

मासिकातलं पान नीट वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलंय, "अजिबात ढवळू नये." तिसऱ्या ओळीत! असली गोष्ट पहिल्या ओळीत, लाल अक्षरात लिहायची असते. आमच्याकडे विषाच्या बाटलीवर खूण झाकणावर असायची, तळाला नाही.

६ तारीख, गुरुवार

ढवळलं नाही. हाताची घडी घालून उभी राहिले. पान म्हणतं आठ मिनिटं. सातव्या मिनिटाला पाक पाण्यासारखा नितळ होता, म्हणून घड्याळावर नजर ठेवून जरा खिडकीशी गेले. परत आले तर डांबर. धूर इतका की डोळे उघडेनात. वेळ मी पाळली, साखरेने पाळली नाही.

धाकटी आली ती नाकाला रुमाल लावूनच. पातेलं पाहिलं, त्यात पाणी ओतून पुन्हा गॅसवर ठेवलं. पाणी उकळल्यावर सगळं काळं सुटून आलं. मी तासभर तारेच्या घासणीने घासत होते.

"हे तुला कुठे शिकवलं?"

"कुठे नाही. जळतं कधीकधी, मग कळतं."

तिच्या हातून काही जळलेलं मला आठवत नाही. जळलं असेल तर ते माझ्या ताटात आलं नाही.

८ तारीख, शनिवार

आज पाक केलाच नाही. म्हटलं, निदान संत्री तरी सोलायला शिकावं. पानात लिहिलंय, पांढरा भाग जराही राहता कामा नये, कडू लागतो. चार संत्री सोलली. हाती आला तो लगदा. ओटा चिकट, बोटं चिकट, मासिकाचं पानही चिकट.

तेवढ्यात फरशीवाला आला. धाकटी आंघोळीला गेली होती म्हणून त्याला माझ्यासमोरच बसावं लागलं. म्हणजे बसला नाहीच, ओट्याजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

हा मला ताई म्हणतो. याचे केस माझ्याहून पांढरे.

"सांगा."

"वरून खालून एकेक चकती उडवा. म्हणजे ते सपाट बसतं, हलत नाही. मग सुरी वरून खाली, गोलाईवरून. सालीबरोबर पांढरंही जातं. मग आडव्या चकत्या."

आणि केलं त्याने. एका मिनिटात संत्रं उघडंबोडकं, स्वच्छ, पाच चकत्या, सगळ्या एका जाडीच्या. फरशा कापून कापून हात बसलाय, दुसरं काय. मी म्हणाले, "हं." त्याने सुरी धुऊन जागेवर ठेवली. आमच्या घरात सुरीची जागा कोणती हे त्याला ठाऊक आहे. मला आजच कळली.

या माणसाला घरात मीच आणलं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या फरशा उखडल्या तेव्हा दवाखान्यातल्या एकीने नंबर दिला होता. चार दिवसांचं काम त्याने अकरा दिवस केलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी उलट, किती निगुतीने करतो म्हणून कौतुक केलं.

९ तारीख, रविवार

मनगट भाजलं. पाक छान रंगावर आला होता, उतरवला, आणि पानात लिहिल्याप्रमाणे त्यात पाणी घातलं. गार पाणी. फटाका फुटावा तसा उसळला. साखर कातडीला चिकटली की निघत नाही, जळतच राहते. औषधखोलीतली बाई मी, आणि किंचाळले.

धाकटी धावत आली. हात नळाखाली धरला, वीस मिनिटं सोडला नाही. मग मलम, मग सैल पट्टी. अगदी बरोबर केलं. मी सांगायच्या आधी.

"ताई, सोड हे. केक आणू."

"नाही."

"कशासाठी एवढा हट्ट?"

"तू आणि ते मासिकाचं पान, दोघं मला हसताय."

"मी हसत नाहीये गं. मला काळजी वाटते. मी गेल्यावर तू खाणार काय? ब्रेड आणि दूध? किती दिवस?"

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

तिला जायलाच हवंय, हे मलाही समजतं. त्याची म्हातारी आई तळमजल्यावर राहते, तिला जिना चढवत नाही आणि आमचा तिसरा मजला. त्यामुळे ते इकडे येऊ शकत नाहीत. दोन बस बदलून पाऊण तास. म्हणजे काही परदेश नाही. ती रविवारी येणार म्हणते.

त्रेपन्नाव्या वर्षी लग्न. लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही. फक्त वाटतं की ज्या गोष्टीची तिला इतकी वर्षं गरज पडली नाही, ती आताच कशी पडली? तसं तिला लग्नाचं एकदा विचारलं होतं एकाने. तिच्या दुकानात काचा घासायचा. ती तेव्हा अठ्ठावीसची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून धाकटी रजेवर. मी एवढंच म्हणाले होते, तुझं तू ठरव, पण मी कामावर गेल्यावर आईजवळ कोण बसणार तेही ठरव. तिने ठरवलं. मी काही अडवलं नव्हतं. आई त्यानंतर सात महिन्यांनी गेली. तोवर तो गाव सोडून गेला होता.

पट्टी हाताला आहे म्हणून अक्षर वाईट येतंय.

१२ तारीख, बुधवार

पाणी गरम घातलं, थोडं थोडं, पातेलं लांब धरून. उसळला नाही. पण कमी पडलं बहुतेक. संत्र्यांवर ओतला तो क्षणात गोठला. चकत्या काचेखाली दिसतात, हात पोचत नाही. चमचा वाकला.

वैताग आलाय. तीन वस्तू! तीन वस्तूंना मी नऊ दिवस देतेय. नव्वद औषधांची नावं मला झोपेत विचारा.

१४ तारीख, शुक्रवार

झाला. दुपारी, घरात कुणी नसताना.

मला ते आता नीट कळलंय, म्हणून लिहून ठेवते. घड्याळ बघायचं नाही, पातेलं बघायचं. ढवळायचं नाही, फक्त पातेलं धरून हलकं फिरवायचं. कडेला खडे जमले तर ओल्या कुंचल्याने पुसायचे. रंग आधी वाळल्या गवतासारखा, मग मधासारखा, मग कडक चहासारखा. मध आणि चहा यांच्या मधे एक क्षण असतो, तेव्हा वास बदलतो. नुसता गोड असतो तो खमंग होतो. वास बदलला की उतरवायचं, विचार करत बसायचं नाही. मग कढत पाणी, अर्धी वाटी, तीन वेळा. परत मंद आचेवर मिनिटभर. कोमट झाला की संत्र्यांवर ओतायचा आणि फ्रिजमध्ये.

दोन तासांनी खाल्लं. मी एकटीने दोन संत्र्यांचं खाल्लं. फार चांगलं झालं होतं.

धाकटी यायच्या आत वाडगा धुऊन ठेवला. तिला सांगायचं राहून गेलं. ती आल्यावर लगेच स्वयंपाकाला लागली, मग विषय निघाला नाही.

१६ तारीख, रविवार

धाकटीला सुट्टी. म्हणाली, "चल ताई, मी बघते कुठे चुकतं ते." मी म्हटलं, तू बाहेर बस, कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही. ती बाहेर गेली.

पाक जळला. मला फोन वाजल्यासारखा वाटला, त्यात लक्ष गेलं.

धाकटीने येऊन गॅस बंद केला. खिडकी उघडली. बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी होती. मग म्हणाली, "मी यांना सांगते, तारीख दोन महिने पुढे ढकलू. घाई कसली आहे? तोवर तुला चार गोष्टी शिकवते."

मी काही म्हटलं नाही. तिचा निर्णय आहे.

१७ तारीख, सोमवार

काल झोप चांगली लागली. सकाळी धाकटीने अंडी केली, मिरपूड घालून, मला आवडतात तशी. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

संध्याकाळी फरशीवाला आला. धाकटी दुकानातून यायची होती. मला वाटलं, आता हा माझ्याशी भांडणार. मी चार वाक्यं तयारही ठेवली होती. तो भांडला नाही.

"ती म्हणते थांबू, तर थांबू," म्हणाला. "आईने लग्नासाठी नव्या चपला घेतल्यात, त्या तेवढ्या घरात घालून फिरते."

मी कॉफी केली. कॉफी मला येते.

"ताई, तुमचा पाक नेमका बिघडतो कुठे? मला सांगा, बघू काही सुचतंय का."

मी सांगायला लागले. आच, पाणी, कुंचला, रंग. गवत, मध, चहा. वास कधी बदलतो. कढत पाणी किती वेळा. तो मान हलवत ऐकत होता, पोरं शाळेत ऐकतात तसा. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "मग बिघडतं कुठे?"

"सांगितलं ना. उतरवायची वेळ चुकते."

"पण वेळ तर तुम्ही आत्ता बरोबर सांगितलीत." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. कपात बघत तो म्हणाला, "तुम्हाला तर सगळं येतंय की, ताई."

मी उठून कप विसळायला गेले. त्याची कॉफी अजून संपलेली नव्हती, तरी कप उचलला.

१८ तारीख, मंगळवार

ही वही मी कुणाला दाखवत नाही. तरी हिच्यात परवा खोटं लिहिलं. फोन वाजला नव्हता. वाजल्यासारखाही वाटला नव्हता.

मी पातेल्यासमोर उभी होते. वास बदलला. मला कळलं की बदलला. हात पुढे गेलाही होता, फडकं हातात होतं. मग मी फडकं खाली ठेवलं.

जे औषध मी स्वतः बरोबर केलं ते मी आयुष्यात कधी मुद्दाम बिघडवलं नव्हतं.

आणि आणखी एक. आईच्या वेळी दिवसभर बसायला बाई मिळत होती. दवाखान्यातल्या एकीची मावशी होती, ती तयार होती. हे मी धाकटीला सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगायचं राहून गेलं, असंच मी इतकी वर्षं म्हणत आले.

आज जेवताना धाकटीने विचारलं, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं.

१९ तारीख, बुधवार

सकाळी ती गेल्या गेल्या पाक केला. उतरवला. संत्री गार होईस्तोवर दोनदा कपडे बदलले, का ते माहीत नाही. मग डबा पिशवीत सरळ धरून बसने तिच्या दुकानात गेले.

दुकानात एक गृहस्थ चष्म्याविना बसले होते, भिंतीकडे बघत. त्यांचा चष्मा धाकटीच्या हातात, स्क्रू बसवत होती. मला बघून घाबरली. "काय झालं?"

"काही नाही. खा."

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"त्यांना काही दिसत नाहीये. खा."

ते गृहस्थ म्हणाले, "चालू द्या, मला घाई नाही."

तिने डबा उघडला. एक चकती खाल्ली, मग दुसरी. मग डबा तिरका करून पाक चमच्यात घेतला.

"हे तू केलंस?"

"शुक्रवारीच जमलं होतं मला. धाकटे, तारीख तीच ठेव. कार्यालयात कळवलंस का?"

"नाही."

"का?"

तिने स्क्रूचा पेचकस खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "रविवारी मी दारात उभी होते, ताई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तुला वाटलं मी बाहेरच्या खोलीत आहे. वास मलाही येतो ना. तू फडकं उचललंस आणि परत ठेवलंस. मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस? तारीख का ढकललीस?"

"तुला एवढं नको असेल तर काय बोलू? म्हटलं, राहू थोडे दिवस. यांना सांगितलं. कार्यालयात फोन करायला मात्र हात उचलेना."

चष्मेवाले गृहस्थ आता फारच लक्ष देऊन भिंतीकडे बघत होते.

मी म्हणाले, "आईच्या वेळी एक बाई मिळत होती बसायला."

"माहीत आहे मला. ती मावशी नंतर चष्मा करायला इथेच आली होती. तिनेच सांगितलं."

"कधी?"

"आई गेल्यावर वर्षभराने."

चोवीस वर्षं. चोवीस वर्षं तिने माझं ताट वाढलं, हे ठाऊक असून. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कुणावर ते कळेना. "मग माझ्याशी भांडायचं तरी होतंस!" मी म्हणाले, दुकानात, मोठ्याने.

"भांडले असते तर मग घरात दोघीच राहिलो असतो, न बोलता," ती म्हणाली. "जमलं नसतं मला." तिने डब्याचं झाकण लावलं, चष्मा पुसला आणि त्या गृहस्थांच्या नाकावर बसवला. "बघा बरं, नीट दिसतंय?"

माफ कर, असं मी दुकानात म्हणाले नाही. बसस्टॉपवर आल्यावर म्हणाले. तिथे कुणी नव्हतं. परत मागे गेले, दुकानाचं दार उघडलं आणि आत म्हणाले. तिने फक्त मान हलवली. तिच्या काउंटरवर तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

२२ तारीख, शनिवार

सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून माझीही झाली.

बावीस संत्री, तीन पातेली पाक. दोन उत्तम, तिसऱ्याचा रंग थोडा पुढे गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आईला दोघांनी खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. म्हातारीने नव्या चपला दाराबाहेर काढायला साफ नकार दिला. तिला चकत्या चावेनात, मग नुसता पाक वाटीत घालून दिला. तीन वाट्या प्यायली.

"अहो, जरा हे पातेलं धरा," असं मी त्याला म्हणाले आणि तो धावला. फरशीवाला आता म्हणता येणार नाही. मग काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

धाकटी निघताना ओट्याशी उभी राहून डब्यांवर बोट ठेवून सांगत होती, यात डाळ, यात तांदूळ, याचं झाकण घट्ट. मी म्हटलं, "वाचता येतं मला. जा, खाली सगळे थांबलेत." तिने मला घट्ट धरलं. मीही धरलं. आमच्यात तसं धरायची पद्धत नाही, त्यामुळे तिचं कानातलं माझ्या बटणात अडकलं आणि सोडवायला त्यालाच वर यावं लागलं.

मग सगळे गेले. मी भांडी घासली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या. ती जायला नको होती असं मला वाटतं. अजूनही वाटतं. हे खरं आहे म्हणून लिहिते, तिला सांगणार नाही.

अंधार पडता पडता तिचा फोन आला.

"पोचलो गं."

"बरं."

"आई म्हणतायत, उद्या पण तो पाक हवा. मी म्हटलं, मला येत नाही, आमच्या ताईला विचारावं लागेल."

"सोपा आहे. तीनच वस्तू."

ती हसली. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खुर्ची ओढली. मग त्याने तिला हाक मारली, नावाने, आतल्या खोलीतून.

ती थांबली होती, मी काही म्हणते का म्हणून.

"जा," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.